आधी माणसं, मग फ्लॅट: साधना आणि सेवेसाठी एकत्र राहणाऱ्या सहा जणांचं घर कसं उभं करावं

पंचविशीच्या आसपासची पाच-सहा मुलंमुली ठरवतात, की नुसते रूममेट म्हणून राहायचं नाही. सकाळी एकत्र बसायचं, एकत्र जेवायचं, आठवड्यातून एकदा तरी वस्तीत जाऊन काम करायचं. मग त्याच आठवड्यात ब्रोकरला फोन जातो, चांगला थ्री बीएचके हातचा जाऊ नये म्हणून टोकन दिलं जातं, रिकाम्या जागा भरायला कुणाचा तरी मित्र घेतला जातो आणि नियम 'राहायला गेल्यावर बघू' म्हणून सोडून दिले जातात. घरं मोडतात ती इथे. वर्षभरात भांडण झालं तर ते क्वचितच ध्यानावरून होतं. ते कुकरच्या शिट्टीवरून, सिंकमधल्या कढईवरून आणि 'तुझे साडेचारशे राहिलेत' यावरून होतं.

म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. उदाहरणं पुण्यातली आणि सहा जणांची धरली आहेत. आकडे आपल्या शहराप्रमाणे बदला.

## १. माणसं ठरवणं (फ्लॅट बघण्याआधी सहा ते आठ आठवडे)

संख्या पाच ते सात. चौघांत एक गावी गेला, एक नाइट शिफ्टला असला, की सकाळी दोघंच उरतात आणि दोघांचं बसणं आठवड्यात बंद पडतं. आठांच्या पुढे एका गॅसवर वेळेत जेवण होत नाही, आणि सोसायटीच्या कमिटीलाही तुमचं घर होस्टेल वाटायला लागतं.

प्रत्येकाने खालच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांना न विचारता कागदावर लिहायची आणि नंतर एकत्र बसून मोठ्याने वाचायची. गप्पांत सगळ्यांचं सगळं जुळतं. फरक लिहिताना कळतो.

१. रोज किती वाजता उठता? (किती वाजता उठायची इच्छा आहे, हे नव्हे.)
२. सगळं धरून महिन्याला किती रुपये देऊ शकता? पगार किंवा घरून येणारे पैसे दोन महिने थांबले तर काय कराल?
३. काय खात नाही? आणि त्याच ओट्यावर दुसऱ्याने काय शिजवलेलं चालणार नाही?
४. 'साधना' म्हणजे तुमच्यासाठी रोज नेमकं काय: नामस्मरण, नमाज, विपश्यना, प्रार्थना, वाचन, की नुसतं शांत बसणं?
५. किती काळ राहणार? लग्न, परदेश, एमपीएससीचा निकाल यांपैकी काय वर्षाच्या आत येऊ शकतं?
६. आईवडिलांना या घराबद्दल काय सांगितलं आहे?

सहावा प्रश्न बरेच जण गाळतात. मुलंमुली एकत्र राहणार असतील, किंवा घरात वेगवेगळ्या जातिधर्मांची माणसं असतील आणि कुणी घरी 'मैत्रिणीकडे पीजीत आहे' असं सांगितलं असेल, तर दिवाळीच्या आसपास कुणाचे तरी वडील दारात उभे राहतात आणि सगळ्यांना खोटं बोलावं लागतं.

मग चाचणीचा मुक्काम. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, महिन्याच्या अंतराने दोनदा. कुणाचं रिकामं घर किंवा धर्मशाळा चालेल. ट्रेक किंवा सहल याला चाचणी म्हणता येत नाही, तिथे सगळेच गोड असतात. मुक्कामात तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत: सगळं जेवण स्वतः रांधणं, संडास-बाथरूम घासणं आणि पैशांवर तासभर बैठक. सोमवारी सकाळी तिथूनच प्रत्येकाने ऑफिसला किंवा अभ्यासिकेला जायचं. त्या सकाळी बाथरूमची रांग कशी लागते, त्यावरून पुढचं वर्ष दिसतं.

सावध: पाच जण एकाच संप्रदायाचे आणि सहावा 'भाड्याला हातभार म्हणून' घेतलेला, अशी रचना करू नका. तो सहावा तिसऱ्या महिन्यापासून हेडफोन लावून खोलीत बसतो. त्याच्यापेक्षा पाच जणांनी जास्त भाडं भरलेलं परवडतं.

## २. आपसातला करार

दोन पानांपेक्षा मोठा नको. मराठीत, साध्या वाक्यांत, सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. मालकाशी होणाऱ्या कराराशी याचा संबंध नाही. हा आपल्यापुरता आहे.

इथली नेहमीची चूक म्हणजे गांधीजींच्या आश्रमाची नक्कल. सत्य, अहिंसा, अस्तेयपासून अकराच्या अकरा व्रतं पहिल्या दिवशी भिंतीवर लागतात आणि महिन्याभरात त्या कागदाकडे बघायची सगळ्यांना लाज वाटायला लागते. सुरुवातीला तीनच गोष्टी बंधनकारक ठेवा: सकाळचं एकत्र बसणं (आठवड्यात किमान पाच दिवस), रात्रीचं एकत्र जेवण (किमान चार दिवस) आणि रविवारची घरसभा. उरलेलं सगळं ऐच्छिक.

करारात दारू-सिगारेट, रात्री मुक्कामी येणारे पाहुणे, जोडीदार, पाळीव प्राणी आणि रात्री किती वाजल्यानंतर आवाज नको, एवढ्या पाच विषयांवर प्रत्येकी एकेक स्पष्ट वाक्य हवं. 'तारतम्याने' हा शब्द कुठेही वापरू नका. सहा जणांची सहा तारतम्यं असतात.

## ३. पैसे

या टप्प्याला दोन संध्याकाळी द्या. कंटाळा येईल, तरी द्या.

भाड्याची वाटणी. सरळ भागिले सहा करू नका. समजा भाडं ३६,००० आहे. हॉल आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं, म्हणून निम्मं भाडं (१८,०००) सहांत समान: प्रत्येकी ३,०००. उरलेले १८,००० खोल्यांवर: संडास-बाथरूम जोडलेली मोठी खोली ७,५००, मधली ६,०००, बाल्कनी नसलेली छोटी ४,५००. प्रत्येक खोलीत दोघं. म्हणजे मोठ्या खोलीतले प्रत्येकी ६,७५० देतील, मधल्यातले ६,००० आणि छोटीतले ५,२५०. खोल्यांची किंमत सगळ्यांनी मिळून आधी ठरवायची आणि खोल्या नंतर निवडायच्या. उलट केलं तर प्रत्येकाला स्वतःची खोली स्वस्त ठरायला हवी असते.

हॉल रिकामा राहिला पाहिजे. भाडं वाचवायला हॉलमध्ये सातवी गादी पडली, की सकाळी बसायची जागा गेली, बाहेरून येणाऱ्या माणसाला टेकायची जागा गेली, आणि उरला तो साधा फ्लॅट.

सामाईक पेटी. किराणा, भाजी, दूध, गॅस, वीज, इंटरनेट, साफसफाईचं सामान. दर महिन्याच्या ३ तारखेपर्यंत प्रत्येकाने ठरलेली रक्कम आगाऊ भरायची. 'खर्च करा, नंतर वाटून घेऊ' ही पद्धत सहा जणांत चालत नाही. जो माणूस उत्साहाने भाजी आणतो त्याचेच पैसे अडकतात, आणि मागायला त्यालाच संकोच वाटतो. पेटी एकाने सांभाळायची, दर तीन महिन्यांनी माणूस बदलायचा. पैसे त्याच्या पगाराच्या खात्यात नकोत. वेगळं बचत खातं असावं. एक वही किंवा एक शीट, रोजची नोंद रोज. शंभर रुपयांच्या आतल्या खर्चाची पावती मागू नका, नोंद मात्र मागाच.

राखीव. एका महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम पहिल्या सहा महिन्यांत साठवायची. सहांत ३६,००० म्हणजे प्रत्येकी महिन्याला १,०००. कुणी अचानक निघून गेलं तर मालक 'तुमच्यातला एक कमी झाला' म्हणून भाडं कमी घेत नाही.

सवलत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा किंवा संस्थेत तुटपुंज्या मानधनावर काम करणारा कुणी असेल, तर त्याचा वाटा कमी ठेवायला हरकत नाही. पण रक्कम आणि मुदत दोन्ही लिहा: 'दरमहा २,००० कमी, सहा महिने, मग पुन्हा चर्चा.' आणि भांडी जास्त घासून त्याने ती फेडायची, असली छुपी अट नको. तसं झालं की घरात एक नोकर तयार होतो.

तपासा: कुणाचा एकूण मासिक वाटा (भाडं अधिक पेटी) त्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त आहे का? असेल तर स्वस्त घर शोधा. तो हो म्हणेल, पण चौथ्या महिन्यात उशिरा भरायला लागेल.

## ४. घर आणि कागदपत्रं

आता ब्रोकर. मालकाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला तीन गोष्टी टोकन देण्याआधीच सांगा: किती जण, मुलं-मुली दोन्ही आहेत का, आणि आठवड्यातून एकदा बाहेरची माणसं घरी येतील का. सज्ञान माणसांनी एकत्र भाड्याने राहायला कायद्याची आडकाठी नाही, पण लपवून आत गेलात तर लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस तुमचा चौकीदार होतो. 'सत्संग' हा शब्द ऐकून काही मालक खूश होतात आणि काही घाबरतात; दोघांनाही सांगा, की सकाळी वीस मिनिटं शांत बसतो, माइक नाही, भजनी मंडळ नाही.

घर निवडताना सहा जणांना दोन संडास लागतातच. पाणी किती वाजता येतं आणि टाकी किती वेळ पुरते, हे मालकाला विचारून कळत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा.

करार लीव्ह अँड लायसन्सचा, नोंदणी केलेलाच. ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. 'नोटरी करून टाकू' असं कुणी म्हटलं तर थांबा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेलं मानीव व्याजही त्यात मिळवतात. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं ३,९६,०००. अनामत १,०८,००० धरली तर तिचं मानीव व्याज ९,९००. बेरीज ४,०५,९०० आणि शुल्क साधारण १,०१५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट याच्या कितीतरी पट आकडा सांगत असेल, तर त्यातलं सरकारचं किती आणि त्याचं किती, हे सुटं करून मागा.

करारात सहाही नावं असावीत. एकाच्या नावावर करार आणि पाच जण 'मित्र म्हणून', हा सोपा दिसणारा मार्ग दोन्ही बाजूंनी वाईट आहे: त्या एकावर सगळ्या भाड्याचा बोजा येतो, आणि बाकीच्यांकडे पत्त्याचा पुरावा नसतो. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्यांना तर नावही लागतं आणि स्वतःच्या वाट्याची वेगळी पावतीही. ऑनलाइन नोंदणीत प्रत्येकाचा आधार आणि अंगठा लागतो, तेव्हा सगळे शहरात असतील असाच दिवस ठरवा.

मालकाने पोलीस ठाण्याला भाडेकरूंची माहिती दिली का ते विचारा आणि त्याची प्रत ठेवा. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जो बिनभोगवटा आकार लावते, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही आणि तो मालकाने भरायचा असतो. करारात तसं लिहून घ्या.

तपासा, चावी हातात घेताना: वीजमीटरचा फोटो, प्रत्येक खोलीच्या भिंतींचा फोटो, गळणाऱ्या नळांची यादी मालकाला त्याच दिवशी मेसेजने. अकरा महिन्यांनी अनामतीतून रंगाचे पैसे कापताना हेच फोटो कामी येतात.

## ५. स्वयंपाकघर

घर टिकतं की नाही, हे इथे ठरतं.

तीन जोड्या करा. प्रत्येक जोडीत एकाला स्वयंपाक येत असावा, दुसऱ्याने शिकावा. एका जोडीकडे आठवड्यातल्या दोन रात्री. सोमवार ते शनिवार भरले. रविवारी घरसभेनंतर सगळ्यांनी मिळून खिचडी-पापड. रांधणाऱ्या जोडीने त्या दिवशी मोठी भांडी घासायची नाहीत, ती त्याच रात्री दुसऱ्या दिवशीच्या जोडीने घासायची. ताट-वाटी ज्याची त्याने, जेवून उठता उठता. रात्री दहाला सिंक रिकामं. भांडी 'भिजत घातली आहेत' हे कारण धरू नका. भिजत घातलेली कढई सकाळपर्यंत कुणाचीच नसते.

सहा जणांच्या एका रात्रीचा अंदाज: कणीक ६०० ग्रॅम (मध्यम आकाराच्या वीस पोळ्या), तांदूळ ३०० ग्रॅम, तूरडाळ २०० ग्रॅम, भाजी निवडण्याआधी एक ते सव्वा किलो. महिन्याच्या २६ रात्री धरल्या तर गहू १६ किलो, तांदूळ ८ किलो, डाळ ५ किलो. नाश्त्याचे पोहे सहांना साधारण अर्धा किलो. पाच लिटरचा कुकर पुरतो, डाळ खाली आणि भात वरच्या डब्यात. तवे मात्र दोन घ्या. एका तव्यावर नवशिक्याच्या वीस पोळ्यांना तास जातो, शेवटचा माणूस जेवायला बसतो तेव्हा पहिला ढेकर देत असतो. पोळ्या जमतच नसतील तर पहिले दोन महिने पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणा आणि वरण-भाजी घरी करा. यात कमीपणा नाही.

१४.२ किलोचा सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन सिलिंडर संपले, की आपल्या घराला किती दिवस पुरतो हे कळतं, आणि त्याच्या आठवडाभर आधी नंबर लावता येतो.

आहाराचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवा. सगळ्यांसाठीचं जेवण शाकाहारी ठेवणं सोयीचं पडतं, कारण ते सगळ्यांना चालतं. पण अंडी-मासे खाणाऱ्याला 'घर साधनेचं आहे' असं सांगून गप्प करू नका. वारकऱ्याचा आणि मांसाहार करणाऱ्याचा देव एका ओट्यावर नांदू शकतो. एक वेगळी कढई, एक उलथनं, फ्रिजमधला खालचा कप्पा, एवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं. एकादशीचा उपवास, रमजानचे रोजे, जैन सदस्याचं चातुर्मासातलं कंदमूळ टाळणं या गोष्टी भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या सुरुवातीला लिहा, म्हणजे त्या दिवशी सहा जणांचा भात उरत नाही आणि रोजा सोडणाऱ्याला खजूर आणायचं लक्षात राहतं.

झाडू-फरशीला मावशी ठेवायच्या की नाही, यावर घराघरात वाद होतो. ठेवल्यात तर पगार ठरलेल्या तारखेला, महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार जादा. चहा घरातल्याच कपात. संडास-बाथरूम मात्र घरातल्यांनीच घासावेत असं आमचं मत आहे. समतेवरची दहा वाचनं जे करत नाहीत ते शनिवारचा ब्रश करतो. त्यासाठी दोन नावं आणि एक वार ठरवा. 'आळीपाळीने' असं मोघम लिहिलं की कुणाचीच पाळी येत नाही.

## ६. सकाळची वीस मिनिटं

वेळ सगळ्यांत उशिरा उठणाऱ्याला झेपेल अशी ठेवा. पाच वाजताचा उत्साह तीन आठवडे टिकतो. ६:३० ते ६:५० हा बहुतेकांना जमणारा काळ.

क्रम:

१. ६:२५ ला एकाने छोटी घंटी वाजवायची. हाका मारून, दार ठोठावून उठवायचं नाही.
२. दहा मिनिटं मौन.
३. पाच मिनिटं वाचन किंवा अभंग. ज्याचा आठवडा असेल त्याने निवडायचं. सोमवारी माणूस बदलतो.
४. दोन मिनिटं पुन्हा शांत.
५. उरलेल्या तीन मिनिटांत प्रत्येकाने आज काय करणार आहे, हे एका वाक्यात सांगायचं.

वाचणाऱ्याने आपल्या परंपरेतलं वाचावं: तुकोबांचा अभंग, कबीराचा दोहा, बसवण्णांचं वचन, बुद्धवंदना, बायबलमधलं स्तोत्र, कुराणातली आयत. घरातल्या नास्तिकानेही आपला आठवडा घ्यावा आणि त्याला पटलेलं गद्य वाचावं. बाकीच्यांनी ऐकायचं. एकाची प्रार्थना सगळ्यांच्या तोंडी बळेच घालू नका; ज्याला म्हणायची नसेल तो गप्प बसेल, आणि त्याला नंतर कुणी कारण विचारणार नाही.

भिंत मोकळी ठेवा. एक समई किंवा दिवा, सहा बस्करं, पुरे. मूर्ती, तसबिरी, क्रूस ज्याच्या त्याच्या खोलीत. हॉलमध्ये एकाचा देव बसला, की दुसऱ्यांचे प्रश्न सुरू होतात: माझा का नाही, फुलं कुणी आणायची, गावाला गेल्यावर पूजा कुणी करायची. गणपती बसवायचा का, किती दिवस आणि खर्च पेटीतून की वर्गणीतून, हे श्रावण लागण्याआधीच ठरवा. हरतालिकेच्या रात्री ठरवायचा हा विषय नाही. आणि पाळी चालू असलेल्या मुलीने मागे बसावं वगैरे काही कुणाच्या डोक्यात असेल, तर ते पहिल्या टप्प्यातल्या कागदावरच यायला हवं होतं. अशा घरात त्याला जागा नाही.

उशिरा येणाऱ्याने दाराजवळ बसावं, कुणी मान वळवू नये. दंड लावू नका. दहा रुपये टाकून झोपायची सोय होते आणि नियम विकत मिळतो. सलग दोन दिवस कुणी आलं नाही, तर त्याच्या स्वयंपाकाच्या जोडीतल्या दुसऱ्याने संध्याकाळी विचारायचं, 'बरं आहे ना?' बहुतेकदा नसतं.

सावध: टाळ-मृदंग, हार्मोनियम सकाळी नको. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहेच, पण शेजाऱ्याची झोप कायद्याच्या घड्याळावर चालत नाही. महिन्यातून एकदा संध्याकाळी सात ते साडेआठ भजन ठेवा आणि शेजाऱ्यांना बोलवा. तक्रार करणारे आजोबाच पेटी वाजवणारे निघण्याची शक्यता पुण्यात कमी नाही.

## ७. घरसभा

रविवारी संध्याकाळी, एक तास, जेवणाआधी. भूक लागलेली माणसं भाषणं करत नाहीत.

पैसे पहिले (दहा मिनिटं), मग कामांच्या पाळ्या (दहा), नवे विषय (पंधरा), मनात काय सलतंय ते (पंधरा), बाहेरचं काम (दहा). सलणारं शेवटी ठेवलं तर त्याला वेळ उरत नाही, आणि पहिलं ठेवलं तर हिशोब राहतो.

सलणारी गोष्ट सांगताना दोन वाक्यं: काय झालं आणि मला काय हवं आहे. 'गुरुवारी रात्री साडेअकराला हॉलमध्ये फोन चालू होता; अकरानंतर फोन खोलीत किंवा गच्चीवर व्हावा.' 'तुला दुसऱ्यांची पर्वाच नसते' हे चालणार नाही. समोरच्याने त्या दिवशी फक्त समजून घेण्यासाठी प्रश्न विचारायचा, बचाव पुढच्या रविवारी. आठवड्याभरात निम्मे बचाव विरून जातात.

निर्णय सर्वसहमतीने. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमताऐवजी सहमतीने ठरवते, आणि विषयाचा अभ्यास करायला तिथे वेगळा अभ्यासगट बसतो. घरात याची छोटी आवृत्ती करता येते: मोठा विषय एका रविवारी फक्त मांडायचा, निर्णय पुढच्या रविवारी. फक्त एक पळवाट बंद करा. सहमती म्हणजे एकाच्या हातात कायमचा नकार नव्हे. नाही म्हणणाऱ्याने आठवड्यात दुसरा पर्याय आणायचा. आणि ५०० रुपयांच्या आतल्या खर्चाला सहमती वगैरे काही नको, पेटी सांभाळणाऱ्याने ठरवावं. नाहीतर झाडूच्या ब्रँडवर अर्धा तास जातो.

व्हॉट्सअॅप ग्रुप माहितीपुरता: 'गॅस संपला', 'आज मी जेवायला नाही' (दुपारी चारच्या आत). तिथे सुरू झालेला वाद तिथे संपत नाही. कुणी सुरू केलाच, तर उत्तर एकच: 'रविवारी.'

## ८. दाराबाहेरचं काम

पहिले दोन महिने काही सुरू करू नका. घर स्थिरावू द्या.

एकच काम निवडा, चालत पंधरा-वीस मिनिटांच्या आत. लांबचं काम पावसाळ्यात बंद पडतं. जवळच्या अंगणवाडीच्या सेविका, महापालिका शाळेचे मुख्याध्यापक, वस्तीतला बचत गट यांना विचारा, की आधीपासून काय चाललं आहे आणि कुठे हात कमी पडतात. पहिले चार शनिवार त्यांच्या कामात नुसते सामील व्हा. वस्तीत दर जून महिन्यात कुणीतरी उत्साही तरुण येतात आणि दिवाळीनंतर दिसत नाहीत. लोक तुम्हालाही त्याच यादीत धरणार, आणि त्यांचं काही चुकत नाही.

मुलांची अभ्यासिका घ्यायची असेल तर हिशोब करा. एकामागे पाच-सहा मुलं. सहांतले दोघं कधी ना कधी गैरहजर, म्हणजे चौघं, म्हणजे वीस ते चोवीस मुलं. पंचेचाळीस मुलांना हो म्हणालात तर ती अभ्यासिका नसते, गर्दी आवरणं असतं. सुरू केलीत तर वार्षिक परीक्षेपर्यंत चालवा. वर्ग समाजमंदिरात किंवा शाळेत, दार उघडं, पालकांची लेखी परवानगी, आणि एका मोठ्या माणसासोबत एकटं मूल कधीच नाही. मुलांना आपल्या फ्लॅटवर आणू नका, खाऊसाठीसुद्धा नाही. त्यांचे फोटो टाकू नका.

पालखीच्या दिवसांत नाना पेठ-भवानी पेठेत वारकऱ्यांची सेवा, रक्तदान शिबिर, नदीकाठची सफाई ही कामं जरूर करा, पण ती शनिवारच्या कामाच्या जागी मोजू नका.

सावध, पैसे गोळा करताना: 'आमच्या घरातर्फे दप्तरं वाटतोय, या नंबरवर पाठवा' असं लिहून पैसे मागू नका. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी जनतेकडून वर्गणी घ्यायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. मदत करू इच्छिणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेचं नाव द्या, पावती त्यांची. सामाईक पेटीच्या खात्यात बाहेरचा एक रुपयाही येऊ देऊ नका.

महिन्यातला एक शनिवार सगळ्यांना सुट्टी. त्या दिवशी कुणी वस्तीत गेलं तर चालेल, पण न गेलेल्याकडे बघायचं नाही.

## ९. आजारपण, पाहुणे आणि निघून जाणं

आजारी माणसाची पाळी त्याच्या जोडीतल्या दुसऱ्याने घ्यायची, परतफेड नाही. ताप तीन दिवसांपुढे गेला की घरी फोन करायचा; त्यासाठी प्रत्येकाच्या घरच्या दोन माणसांचे नंबर आणि रक्तगट फ्रिजवर. पाहुणा सलग तीन रात्री, त्यापुढे घरसभा.

निघणाऱ्याने दोन महिने आधी सांगावं. करारात लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर सोडायचं नाही, ही अट) असेल तर त्याआधी निघणाऱ्याने बदली माणूस मिळेपर्यंत आपला वाटा भरायचा. नवा माणूस पहिल्या टप्प्यातल्या कागदापासून सुरू करतो: उत्तरं, एक मुक्काम, सगळ्यांचा होकार. 'जागा रिकामी आहे, लगेच कुणीतरी हवं' या घाईत घेतलेला माणूस हा फ्लॅट आधी घेण्याच्याच चुकीचा दुसरा अवतार आहे, आणि राखीव पैसा याच वेळेसाठी ठेवलेला असतो. होकार झाला की मालकाला कळवून करारात त्याचं नाव आणि पोलीस ठाण्याची नोंद; तोंडी बदल करू नका.

अनामतीचा हिशोब वहीत पहिल्या दिवसापासून नावानिशी असावा: १,०८,००० म्हणजे प्रत्येकी १८,०००. जाणाऱ्याला हे पैसे नव्या माणसाने दिलेल्या अनामतीतून मिळतात, मालकाकडून नव्हे. त्याआधी शेवटच्या रविवारी त्याच्यासमोर वही उघडायची, पेटीतलं त्याचं येणं-देणं मिटवायचं, त्याच्या खोलीतल्या भिंतीचा फोटो चावी घेतानाच्या फोटोशेजारी ठेवून बघायचा आणि रक्कम त्याच संध्याकाळी, खिचडीला बसण्याआधी, पाठवून टाकायची.